बिनविजेची बेरीज

गणपतीच्या मांडवात हा प्रकार हमखास घडतो. लॅपटॉपवर गाणे लावलेले असते. ढोलकी वाजते, कोरस येतो, बासरी येते, पण ज्याच्यासाठी गाणे लावले तो गायकच ऐकू येत नाही. दूर कुठेतरी त्याचा पडसाद तेवढा घुमत असतो. कार्यकर्ते साउंडवाल्याकडे बघतात, साउंडवाला केबल हलवून बघतो, कोणीतरी फाइलच खराब आहे असा निकाल देऊन मोकळा होतो. फाइल चांगली असते. लॅपटॉपच्या ईपी जॅकमधून डावा आणि उजवा असे दोन वेगळे संकेत बाहेर पडतात. मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला तीन टोकांचा पी-३८ जॅक लावला की तो इनपुट या दोन संकेतांची वजाबाकी करतो, कारण तो त्याच कामासाठी बनवलेला आहे. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच ठेवलेला असतो. सारख्यातून सारखे गेले, हाती शून्य आले. तिथे हवी होती बेरीज.

ही पुस्तिका त्या बेरजेची आहे. दोन, चार, आठ किंवा सोळा ठिकाणांहून येणारे ध्वनिसंकेत एकत्र करायचे आणि एका वाटेने पुढे पाठवायचे, तेही बॅटरी, अडॅप्टर किंवा आयसी न वापरता. असा डबा घरी कसा बनवायचा ते पुढच्या प्रकरणांत आहे. स्टुडिओतले लोक त्याला पॅसिव्ह समिंग बॉक्स म्हणतात. आत रेझिस्टर, थोडी वायर आणि जॅक, बस. (दुकानात ‘रेझिस्टन्स द्या’ म्हटले तरी चालते, किंबहुना तसेच मागतात.) एवढ्याशा वस्तूला प्रस्तावना कशाला, असे वाटणे साहजिक आहे. पण ध्वनीचे इलेक्ट्रॉनिक्स शिकू पाहणाऱ्याने पहिली वस्तू कोणती बनवावी असे विचारले, तर मी याच डब्याचे नाव घेईन. यात झाकलेले काही नाही. कोणत्या टोकाला किती व्होल्ट असतील ते आधी वहीत मांडता येते आणि मग मीटर लावून पडताळता येते. दोन आकडे जुळले नाहीत तर दोष शोधायला जागाही फारशा नाहीत. अँप्लिफायरच्या किटबद्दल असे म्हणता येत नाही.

संभाजीनगरात बसून हे लिहायला कारण आहे. इथले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे, विद्यापीठ १९५८ चे. चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांमुळे वायरिंग, पॅनेल, सर्किट बोर्ड हे शब्द घरोघरी माहीत असलेली एक पिढी इथे तयार झाली. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून बाहेर पडलेली मुले तापडिया नाट्यमंदिरात आणि संत एकनाथ रंगमंदिरात प्रयोग करतात आणि पार्श्वसंगीत स्वतःच जमवतात. एप्रिल जवळ आला की भीमगीतांची ध्वनिमुद्रणे सुरू होतात, आषाढाच्या आधी अभंगांची. त्यातली कितीतरी आता फ्लॅटमधल्या एका खोलीत, भिंतीला गाद्या आणि गोधड्या लावून होतात. ही मुले आठ आउटपुटांचा ऑडिओ इंटरफेस हप्त्यावर घेतात आणि आठांपैकी दोनच वापरतात. उरलेल्या सहांचे काय करायचे हे त्यांना कोणी मराठीत सांगितलेले नसते. त्यांच्यासाठी हे लिखाण आहे. तसेच ज्यांचा मांडवाचा धंदा आहे पण ज्यांना ओहमचा नियम शाळेनंतर भेटलेला नाही, त्यांच्यासाठीही.

आणि आवाज एकत्र करण्याचे काम या गावाला नवे नाही. निजामाच्या संस्थानात हैदराबादप्रमाणे औरंगाबादलाही, म्हणजे आजच्या संभाजीनगरलाही, रेडिओ केंद्र होते. संस्थाने विलीन झाल्यावर मैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा, हैदराबाद आणि औरंगाबाद अशी पाच केंद्रे आकाशवाणीकडे आली. रेडिओ केंद्र म्हटले की माइक अनेक आणि प्रक्षेपक एक, म्हणजे बेरीज आलीच. मराठवाड्याला विद्यापीठ मिळण्याच्या आधीच ती या शहरात सुरू झाली होती.

तशी आवाज मिसळण्याची सगळ्यात जुनी जागा म्हणजे हवा. कीर्तनात बुवांचा आवाज, पखवाज, पेटी आणि टाळ हे सगळे कानापर्यंत एकत्रच पोचतात आणि हवा त्यांची बेरीज चोख करते. टाळ जोरात वाजले म्हणून बुवांच्या आवाजाचा पोत बदलत नाही. बोलपटांतही सुरुवातीला हेच होते. १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला तेव्हा कंपनी अजून कोल्हापुरात होती. त्या काळच्या बोलपटांत नट स्वतः गात, वादक कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसत आणि कोणाचा आवाज किती यावा हे माइकपासूनच्या अंतरावर ठरे. तबला जास्त होतोय? तबलजीने मागे सरकायचे. आजही एका माइकवर भजन मुद्रित करताना हेच करावे लागते, आणि ज्याने ते कधी केलेले नाही त्याला मिक्सरचा फेडर पुरता कळत नाही असे माझे मत आहे.

दुसरा माइक आला की हवेचे काम वायरीकडे येते आणि अडचण सुरू होते. हवेत दोन आवाज एकमेकांना अडवत नाहीत. वायरीत दोन आउटपुट थेट जोडले तर ते एकमेकांशी भांडतात. मांडवातला प्रचलित उपाय सगळ्यांनी पाहिलेला आहे: ईपी केबल कापायची, लाल आणि पांढरी वायर सोलून दोघींना पीळ द्यायचा, वर काळी टेप. गायक परत येतो, म्हणून उपाय बरोबर होता असे वाटते. त्या पिळात काय चालले आहे ते जवळून पाहू. एखाद्या क्षणी डाव्या आउटपुटला १ व्होल्ट द्यायचा आहे आणि उजव्याला शून्य. प्रत्येक आउटपुटचा अंतर्गत रोध १० ओहम धरला तर दोघांमध्ये मिळून २० ओहम होतात. म्हणजे डावीकडून निघालेले ५० मिलिअँपिअर उजवीकडे शिरतात, स्पीकरकडे न जाता. लॅपटॉपच्या त्या इवल्या आयसीवर हा भार गाण्याच्या प्रत्येक ठोक्याला पडतो. आवाज चिरका होतो, आयसी तापते, आणि हेडफोनची एक बाजू कधीतरी कायमची बंद पडते.

आता तो पीळ सोडवा आणि प्रत्येक वायरीत १ किलोओहमचा एक रेझिस्टर घाला. रेझिस्टरांची पुढची टोके एकत्र करा आणि तिथून अँप्लिफायरकडे जा. मघाच्या ५० मिलिअँपिअरच्या जागी आता जेमतेम अर्धा मिलिअँपिअर वाहतो. अँप्लिफायरचा इनपुट १० किलोओहमचा असेल तर गायकाचा आवाज, जो दोन्हीकडे सारखा आहे, अर्ध्या डेसिबलहूनही कमी घटतो. फक्त एकाच बाजूला असलेली बासरी सुमारे साडेसहा डेसिबल खाली जाते. दोन रेझिस्टर, कथलाचे तीन डाग, झाला तुमचा पहिला समिंग बॉक्स. मोठ्या डब्यातले सगळे तत्त्व यात आलेले आहे. पुढे वाढते ती फक्त संख्या, आणि संख्येबरोबर येणारे प्रश्न.

हे गणित गुस्टाव्ह किरचॉफ यांच्या १८४५ च्या नियमांचे. त्यांनी ते मांडले तेव्हा ते २१ वर्षांचे होते आणि विद्यार्थीच होते, हे आमच्या अभियांत्रिकीच्या मुलांना मी मुद्दाम सांगतो. एका बिंदूपाशी येणाऱ्या सगळ्या प्रवाहांची बेरीज शून्य असते, एवढ्यावर हा डबा उभा आहे. याच नियमाला समांतर जोडलेल्या स्रोतांसाठी सुटसुटीत रूप दिले ते जेकब मिलमन यांनी, १९४० मध्ये. मिलमन आणि हलकियास यांचे जाडजूड पुस्तक भारतातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या आदल्या रात्री उघडले आहे. तेच हे मिलमन. त्यांच्या सूत्रात सगळे रेझिस्टर सारखे ठेवले तर उत्तर येते सरासरी. चार संकेत आत घातले की प्रत्येकाचा चौथा हिस्सा बाहेर येतो. म्हणजे हा डबा खरे तर बेरजेला इनपुटांच्या संख्येने भागतो. दोन इनपुटांना ६ डेसिबल घट, चारांना १२, आठांना १८, सोळांना २४. इनपुट दुप्पट झाले की घट सहाने वाढते, हे एकदा ध्यानात आले की तक्ता पाठ करावा लागत नाही.

घटीचे हे प्रकरण ज्याला समजले त्याला पॅसिव्ह म्हणजे काय ते समजले. आमच्या खाम नदीच्या काठावरच्या पानचक्कीत कोणताही पंप नाही. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून केवळ उताराच्या बळावर येते आणि पाते फिरवते. वाटेत जी उंची गमावली ती गमावली, नहर ती परत देऊ शकत नाही. आपल्या डब्यातही बाहेरून आलेल्या जोराखेरीज दुसरा जोर नाही. आत आलेल्या संकेतापेक्षा मोठा संकेत त्यातून कधीच निघणार नाही. गेलेली उंची भरून काढायला पुढे एक प्रवर्धक लागतो आणि त्याला वीज लागतेच. तेव्हा वीज गेल्यावरही हा डबा चालतो हे खरे असले तरी त्याचा उपयोग तेवढ्यापुरताच. पुढचा अँप्लिफायर बंद पडलेला असतो.

नळ्यांच्या काळात, म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबच्या, बहुतेक रेडिओ कन्सोल याच पद्धतीचे होते. ट्यूब महाग, तापणारी, वारंवार बदलावी लागणारी. जितक्या कमी वापराव्या तितके बरे. म्हणून प्रत्येक माइकमागे एक प्रवर्धक, मग रोधांचा फेडर, मग सगळ्यांना एकत्र आणणारे रेझिस्टरांचे जाळे आणि शेवटी घट भरून काढणारा एकच प्रवर्धक. ६०० ओहमचा जो आकडा जुन्या पुस्तकांत जागोजागी भेटतो तो टेलिफोनकडून आलेला आहे. १९४१ मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या कार्ल स्वार्ट्झेल यांनी बेरजेची वेगळी रीत पेटंटसाठी पाठवली. प्रवर्धकाचा आउटपुट उलटा करून त्याच्याच इनपुटला परत जोडला, तर जोडणीच्या बिंदूवरचा व्होल्ट जवळजवळ शून्यावर स्थिर राहतो. मग कोणताही स्रोत दुसऱ्या स्रोताला दिसतच नाही. पेटंटचे नाव होते ‘समिंग अँप्लिफायर’. आज प्रत्येक मिक्सरमध्ये डझनांनी असलेल्या ऑप-अँपचा पूर्वज तो हाच, आणि तो जन्मला बेरजेसाठी. त्या काळी ही बेरीज विमानविरोधी तोफांचा नेम धरायला हवी होती, गाण्यांना नव्हे.

ऑप-अँप आल्यावर रेझिस्टरांची जाळी लगेच गेली असे झाले नाही. रुपर्ट नीव्ह यांच्या सत्तरच्या दशकातल्या ज्या कन्सोलांची नावे आज स्टुडिओवाले भक्तिभावाने घेतात, त्यांत संकेत रेझिस्टरांनीच एकत्र येत आणि घट भरून काढायला ट्रान्सफॉर्मर असलेला प्रवर्धक बसवलेला असे. आपल्याकडे मुंबईच्या राजकमल कलामंदिर स्टुडिओत मंगेश देसाई यांनी ‘शोले’सारख्या चित्रपटांचे मिक्सिंग केले. सत्यजित राय यांच्यासारखे दिग्दर्शकही आपल्या चित्रपटांचे मिक्सिंग त्यांच्याकडून करून घेत. त्यांचे नाव इथे घेतो ते एवढ्यासाठी, की डबा बनवणाऱ्याचा समज होऊ नये की डबा बनला म्हणजे मिक्सिंग आले. पावलांचा आवाज संवादाखाली किती ठेवायचा हे कोणताही रेझिस्टर सांगत नाही.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला, सगळे मिक्सिंग संगणकात शिरल्यानंतर, ही जुनी जाळी पुन्हा चर्चेत आली. अमेरिकेतल्या रोल म्युझिक कंपनीचा ‘फोलक्रॉम’ हा सोळा इनपुटांचा डबा त्यातला सगळ्यात परिचित. आत सक्रिय काहीच नाही. पुढे तुमच्या आवडीचा माइक प्रीअँप जोडायचा. त्याबरोबर एक दावाही बाजारात आला: संगणक बेरीज नीट करत नाही, बाहेर केलेली बेरीज ‘उबदार’ लागते, वाद्ये सुटी सुटी ऐकू येतात.

या दाव्यावर माझे मत स्पष्ट आहे. संगणकाची बेरीज बिनचूक असते. ३२ किंवा ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट आकड्यांत ती करताना जी चूक राहते ती कोणत्याही कानाच्या पलीकडची आहे. उलट बाजूने, साधा मेटल फिल्म रेझिस्टरही आवाजाला रंग देत नाही. मग बाहेर काढून परत आत घेतलेले गाणे वेगळे का लागते? कारण पुढच्या प्रीअँपचा ट्रान्सफॉर्मर थोडी विकृती मिसळतो आणि ती कधी कधी खरोखर गोड असते. कारण संकेत दोनदा रूपांतरित होतो. आणि बहुतेक वेळा कारण इतकेच, की परत आलेले गाणे अर्धा डेसिबल मोठे असते आणि मोठे ते कानाला चांगले वाटते. पातळी मीटरने जुळवून, कोणते कोणते आहे हे न सांगता मित्राला ऐकवा. पुस्तिकेच्या सहाव्या प्रकरणात हा प्रयोग दिला आहे. तो करण्याआधी महागडा डबा कोणी घेऊ नये आणि स्वस्त डबा बनवणाऱ्याने त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. रंग हवा असेल तर तो प्रीअँपमध्ये शोधा. डब्याचे काम एकत्र आणणे, आणि ते तो प्रामाणिकपणे करतो.

आता जरा आत डोकावू, कारण खरी मजा आकडे निवडण्यात आहे. आठ इनपुटांचा स्टिरिओ डबा घ्या: चार डावीकडे, चार उजवीकडे. बॅलन्स्ड जोडणीत प्रत्येक इनपुटाला दोन वायरी, म्हणून प्रत्येक वायरीत १० किलोओहमचा एक, असे एकूण १६ रेझिस्टर. पट्टीवरून ते तोडून घेताना रंग बघा: तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी. शेवटचा तपकिरी म्हणजे एक टक्क्याचा फरक. पन्नासाच्या हिशोबाने घेऊन मीटरवर मोजा आणि जोड्या लावा. ९.९७ निघालेल्याला ९.९७ चाच जोडीदार द्या. बॅलन्स्ड केबलमध्ये दोन वायरींवर सारखी घरघर शिरते आणि वजाबाकीत ती मरते. दोन बाजूंचे रेझिस्टर वेगळे असतील तर घरघरही दोन बाजूंना वेगळी होते आणि थोडी शिल्लक राहते. मांडवात जी वजाबाकी वैरी होती ती इथे कामाला येते.

एवढ्यावर डबा बंद केला तर चालेल, पण दोन खोडी राहतील. पहिली अशी: कीबोर्डची पिन उपसली की उरलेल्या तीन वाद्यांचा आवाज अडीच डेसिबलने वर उडी मारतो, कारण चौथ्या हिश्श्याचा आता तिसरा हिस्सा झाला. दुसरी: बाहेर पडणाऱ्या जोडीचा रोध ५ किलोओहम असतो, तर माइक प्रीअँपचा इनपुट साधारण दीड-दोन किलोओहमचा. तो संकेताला खाली ओढतो आणि प्रीअँप बदलला की घटही बदलते. दोन्हींवर उपाय एकच. बाहेरच्या दोन वायरींमध्ये २०० ओहमचा एक आडवा रेझिस्टर टाकायचा. मग पुढच्या प्रीअँपला समोर माइकच जोडलाय असे वाटते, एखादी पिन काढली तरी उरलेल्या पातळ्या जवळपास तिथेच राहतात आणि एकूण घट सुमारे ४० डेसिबलवर पक्की होते. ४० ऐकून दचकायला नको. कोणताही बरा प्रीअँप माइकसाठी तेवढी वाढ रोजच देतो.

याची किंमत मोजावी लागते ती खरखरीत. कोणताही रेझिस्टर, काही न जोडता टेबलावर पडलेला असला तरी, उष्णतेमुळे सूक्ष्म विद्युत गोंगाट करतो. बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन जॉन्सन यांनी तो मोजला, हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचे सूत्र दिले. दोघांचे निबंध १९२८ चे. २०० ओहमचा रेझिस्टर ऐकू येणाऱ्या पट्ट्यात सुमारे पाव मायक्रोव्होल्ट गोंगाट करतो. स्टुडिओच्या नेहमीच्या पातळीचा, सव्वा व्होल्टाचा संकेत ४० डेसिबल घटून १२ मिलिव्होल्टांवर आला तरी तो या गोंगाटाच्या ९० डेसिबलहून जास्त वर राहतो. प्रीअँप स्वतःची थोडी खरखर त्यात मिसळेल. घरच्या खोलीत पंखा, रिक्षा आणि शेजारचा कुकर जेवढा आवाज करतात त्यापुढे हे काहीच नाही. मे महिन्यात संभाजीनगरचा पारा बेचाळिसावर गेला म्हणून रेझिस्टरची खरखर किती वाढते तेही काढून पाहिले आहे: ०.२ डेसिबल. उन्हाळ्याला दोष देता येणार नाही.

डब्याच्या पेटीबद्दल एकच आग्रह. ती धातूची हवी आणि ग्राउंडला जोडलेली हवी. लाकडी पेटी देखणी दिसते आणि ५० हर्ट्झची गुणगुण मोकळेपणाने आत घेते. पत्र्याचा जुना डबाही चालतो. कडा कानशीने घासून घ्या, जॅकची भोके आधी बारीक ड्रिलने पाडून मग मोठी करा. डाग देताना आधी टोक तापवा आणि मग कथील लावा. कथील चकचकीत आणि पसरलेले दिसले पाहिजे. गोळीसारखे उभे राहिलेले, धुरकट कथील म्हणजे कच्चा डाग. तो आज चालेल आणि नेमका कार्यक्रमाच्या दिवशी दगा देईल. एक्सएलआरची पिन एक ग्राउंड, दोन सरळ, तीन उलटी, हे आठही ठिकाणी सारखे आले पाहिजे. एका जागी दोन आणि तीनची अदलाबदल झाली की मांडवातला गायक पुन्हा गायब होतो, या वेळी तुमच्या घरात.

पुस्तिकेची रचना सरळ आहे. पहिल्या दोन प्रकरणांत दोन रेझिस्टरांचा डबा, पुढच्या दोनांत आठ इनपुटांचा, पाचव्यात घरघर आणि अर्थिंग, सहाव्यात ऐकून पाहण्याचे प्रयोग. एखादा संकेत डावीकडे, उजवीकडे किंवा मधोमध पाठवणारा स्विच सगळ्यांना हवासा वाटतो. त्याला प्रत्येक इनपुटामागे दोनांऐवजी चार रेझिस्टर लागतात आणि वायरींचे जंगल होते, म्हणून तो या सगळ्यांनंतरच्या, शेवटच्या प्रकरणात ढकलला आहे. पहिल्या डब्यात तो घालू नका. पाचवे प्रकरण सगळ्यात लांब झाले, त्याला इलाज नव्हता. घरच्या स्टुडिओतल्या दहा तक्रारींपैकी बहुतेक अर्थिंगच्या निघतात आणि तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कापून त्या सुटत नाहीत. तसे करणे जिवावर बेतू शकते. एक-एकास असा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर मध्ये घातला की ग्राउंडची साखळी तुटते आणि गुणगुण थांबते. तोही बिनविजेचाच असतो, त्यामुळे या पुस्तिकेत त्याला हक्काची जागा आहे.

विद्यार्थ्यांनी गणित सोडून थेट जोडणीकडे धावू नये आणि साउंडच्या धंद्यातल्यांनी जोडणी सोडून गणिताला घाबरू नये. बेरीज, भागाकार आणि ओहमचा नियम यापलीकडे इथे काही नाही. डेसिबलसाठी लॉगरिदम लागतो, तो मोबाइलच्या कॅल्क्युलेटरमध्ये असतो.

दोन गोष्टी मात्र पहिला डाग देण्याआधी वाचून घ्या. हा डबा लाइन पातळीच्या संकेतांसाठी आहे. अँप्लिफायरचा स्पीकर आउटपुट, आणि भोंग्यांना जाणारी १०० व्होल्टची लाइन तर मुळीच, याला जोडायची नाही; रेझिस्टर जळतील आणि मागची यंत्रेही. आणि डब्यापुढे माइक प्रीअँप जोडताना त्याचे ४८ व्होल्टचे फँटम बटण बंद आहे याची खात्री करा, नाहीतर तो दाब रेझिस्टरांतून उलटा तुमच्या कीबोर्डच्या आउटपुटवर जाईल. बटण बंद करा, मिनिटभर थांबा, बाहेरच्या टोकांवर मीटर लावून शून्य आल्याचे पाहा आणि मगच पिन लावा.